काचपेटीतील समुद्र

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात घोडेगाव नावाचे गाव आहे. अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर ते वसलेले असून तेथील जनावरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. मुंबईचा समुद्र येथून अडीचशे किलोमीटरांहूनही दूर. तेव्हा येथील कित्येक मुलांनी समुद्र पाहिला नसेल, तर त्यात नवल नाही. तथापि पाण्यातील जीवसृष्टीचा एक मोठा नियम त्यांच्या नित्य परिचयाचा आहे. जनावरांना पाणी पाजण्याचा हौद घासूनपुसून भरावा आणि आठ-दहा दिवस उन्हात तसाच राहू द्यावा. त्याच्या भिंतींवर हिरवा, बुळबुळीत थर चढू लागतो. हे शेवाळ कोणी पेरलेले नसते. त्याचे सूक्ष्म बीजकण वाऱ्याबरोबर, धुळीबरोबर आणि जनावरांच्या तोंडावाटे पाण्यात येऊन पडतात. तेथे प्रकाश आणि अन्न मिळाले, की ते वाढू लागतात.

समुद्राचे पाणी काचेच्या पेटीत भरून त्यात मासे व इतर सागरी प्राणी पाळण्याची कला मानवाने साध्य केली, तेव्हा हाच नियम तेथेही त्याच्यापुढे उभा राहिला. अशा मोठ्या पेट्यांच्या संग्रहास मत्स्यालय म्हणतात. १९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर, समुद्रासमोरच, तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. त्याचे उद्घाटन त्या वेळचे राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले होते. ज्या पारशी दात्याच्या देणगीचे साहाय्य त्यास लाभले, त्याचेच नाव मत्स्यालयास देण्यात आले. लाटांखाली काय चालते, हे महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांच्या मुलांनी प्रथम तेथील काचांमधून पाहिले. पुढे घरात किंवा शाळेत ठेवता येतील अशा लहान पेट्याही लोक करू लागले. त्यांपैकी सर्वांत मनोहर, पण सांभाळण्यास सर्वांत अवघड, ती प्रवाळांची पेटी होय.

प्रवाळ दिसते झाडासारखे किंवा दगडासारखे. परंतु तो प्राणी आहे. त्याचे इवलेसे असंख्य जीव एकमेकांस चिकटून राहतात आणि पाण्यातील चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतात. हजारो वर्षे हे बांधकाम चालले, म्हणजे समुद्राच्या तळाशी प्रवाळांच्या भिंती उभ्या राहतात. महाराष्ट्रासही हे वैभव लाभले आहे. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आढळतात, आणि १९८७ साली तेथील सागरी क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेस खोल समुद्रात एक बुडालेले पठार आहे. त्यावरही प्रवाळांची वस्ती आहे. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्या पठारास ‘आंग्रिया बँक’ म्हणतात.

आता समजा, घोडेगावच्या एखाद्या शाळेने प्रयोगशाळेत शंभर लिटर पाण्याची समुद्रपेटी मांडण्याचे ठरविले. समुद्राचे पाणी आणणे शक्य नाही. ते तयार करावे लागेल. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे शंभर लिटरांस साडेतीन किलो क्षार झाले. स्वयंपाकघरातील मीठ यासाठी चालत नाही. कारण समुद्रात मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षारही असतात. त्या सर्वांचे तयार मिश्रण बाजारात मिळते. ते पाण्यात विरघळवून, पाणी २५ ते २६ अंश सेल्सिअस तापमानावर ठेवून, ते पंपाने खेळते ठेवले आणि आत वाळू व सच्छिद्र दगड रचले, की काचपेटीतील समुद्र सिद्ध झाला. दिवा लावताच पाणी निळसर चमकू लागते. पाहणाऱ्यास वाटते, उद्याच यात मासे सोडावेत.

परंतु दोन-तीन आठवडे जातात न जातात, तोच पांढऱ्या वाळूवर तपकिरी धुरळा पसरलेला दिसतो. काचेवरून बोट फिरविले, तर ते तपकिरी होते. मग काही दिवसांनी हा रंग जाऊन दगडांवर हिरव्या केसांसारखे तंतू डोलू लागतात. कधी वाळूवर लालसर-जांभळी, बुळबुळीत साय धरते आणि तिच्यात हवेचे बुडबुडे अडकलेले दिसतात. हौस म्हणून पेटी मांडणारे पुष्कळ लोक येथेच निराश होतात. आपले काहीतरी चुकले, पाणी नासले, असे त्यांना वाटते. वस्तुतः नव्या पेटीत असे घडणे अगदी स्वाभाविक आहे. त्याचे कारण समजण्यासाठी डोळ्यांना न दिसणारा एक व्यवहार समजून घेतला पाहिजे.

पहाटे गोठ्यात पाऊल टाकले, की नाकाला झोंबणारा एक वास येतो. तो अमोनिया वायूचा असतो. जनावरांच्या मलमूत्रातील नत्रापासून तो तयार होतो. पाण्यातही असेच घडते. माशांच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो, आणि न खाल्लेले अन्न कुजूनही तो होतो. जलचरांना हा अमोनिया विषासारखा आहे. सुदैवाने निसर्गात काही सूक्ष्म जंतू असे आहेत, की अमोनिया हेच त्यांच्या जीवनाचे साधन होय. एका प्रकारचे जंतू अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात. तेही विषारीच असते. दुसऱ्या प्रकारचे जंतू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते मात्र पुष्कळ सौम्य असते. सर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास या जंतूंचे कार्य उघड केले. शेतातील मातीत शेणखताचे नत्र पिकाला घेता येईल अशा रूपात आणण्याचे कामही असेच जंतू करतात.

नव्या पेटीत हे जंतू पुरेसे नसतात. दगडांच्या छिद्रांत आणि वाळूच्या कणांवर त्यांची वस्ती वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटीतील संसाराची घडी बसलेली नसते. मोकळ्या रानात नांगरट करून ठेवली आणि पीक पेरलेच नाही, तर तेथे तण माजते; तद्वतच पेटीतील रिकाम्या दगडांवर जे सर्वांत चपळ, ते प्रथम ठाण मांडते. तपकिरी थर डायाटम नावाच्या एकपेशीय जीवांचा असतो. त्यांची कवचे सिलिकेची, म्हणजे वाळूतील व काचेतील द्रव्याची असतात. पाण्यातील विरघळलेली सिलिका संपत आली, की ते बहुधा आपोआप ओसरतात. त्यांच्यामागून हिरवे तंतू येतात. लालसर साय ही खरे पाहता शेवाळ नसून प्रकाशावर अन्न तयार करणारे जंतू आहेत. आणि पेटी जुनी व स्थिर झाली, म्हणजे दगडांवर गुलाबी-जांभळे, कवचासारखे कठीण असे एक शेवाळ पसरू लागते. ते दिसू लागले, म्हणजे पाण्याची प्रकृती सुधारत असल्याचे ते एक शुभचिन्ह मानावे.

हे न जाणणारा मनुष्य घाबरून भलतेच उपाय करतो. तो सारे पाणी ओतून देतो, दगड बाहेर काढून गोड्या पाण्याने खसखसा घासतो, किंवा शेवाळ मारण्याचे तीव्र औषध पेटीत ओततो. याचा परिणाम असा होतो, की शेवाळाबरोबर उपयुक्त जंतूही मरतात. मेलेले शेवाळ पाण्यातच कुजते आणि त्यातील सारे अन्न पुन्हा पाण्यात मिसळते. चार दिवस पेटी स्वच्छ दिसते, आणि पाचव्या दिवशी शेवाळ पूर्वीपेक्षा जोमाने उगवते. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो असा.

लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने हाच प्रश्न कसा सोडविला, ते पाहण्यासारखे आहे. १८४९ साली त्याने एका पात्रात गोडे पाणी, दोन लहान सोनमासे आणि एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे कर्बवायू देतील आणि दोघांचे परस्परांवर चालेल, असा त्याचा तर्क होता. तर्क बरोबर होता. पण वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि पात्राच्या काचेवर हिरवट चिकट थर चढला. वॉरिंग्टनने पाण्यात कोणतेही औषध घातले नाही. तळ्यांतून अशी कुजकी पाने कोण नाहीशी करते, याचा त्याने विचार केला आणि पात्रात काही गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व चिकट थर खाऊन टाकला, पाणी निवळले. १८५० साली त्याने हा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि पुढे समुद्राच्या पाण्यावरही तसेच प्रयोग केले. पेटीत जे निर्माण होते, ते वापरणारा कोणीतरी पेटीत असलाच पाहिजे, हा धडा त्याच्या प्रयोगातून मिळाला.

म्हणून शेवाळ दिसताच पहिला प्रश्न असा विचारावा, की याला अन्न कोठून मिळते? नत्र, स्फुरद व पालाश ही नावे खताच्या पोत्यांवर घोडेगावच्या मुलांनी वाचलेली असतात. त्यांपैकी नत्र आणि स्फुरद हेच समुद्रपेटीतील शेवाळाचेही मुख्य खत होय. पेटीत हे खत कोणी मुद्दाम टाकत नाही; ते चोरपावलांनी येते. शेतीच्या भागातील विहिरींच्या पाण्यात रासायनिक खतांतून झिरपलेले नायट्रेट असू शकते. नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून घातलेले क्लोरीन असते, आणि ते उपयुक्त जंतूंनाही मारक ठरते. यास्तव क्षार विरघळविण्यासाठी आर. ओ. यंत्रातून नीट शुद्ध केलेले पाणी घ्यावे. उन्हाळ्यात पेटीतील पाणी भराभर आटते. परंतु वाफ होते ती केवळ पाण्याची, क्षार मागेच राहतात. म्हणून तूट भरून काढताना खारे पाणी घालू नये. शुद्ध गोडे पाणीच घालावे. तेथे रोज तांब्याभर विहिरीचे पाणी घातले, तर त्याबरोबर रोज थोडे खतही आत जाते. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण येथे अगदी शब्दशः खरी ठरते.

खताचा दुसरा मार्ग म्हणजे माशांचे अन्न. लहान मुलांना मासे खाताना पाहण्याची मोठी हौस असते, आणि जो येतो तो चिमूटभर अन्न टाकतो. अति तेथे माती! मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच अन्न द्यावे, आणि ते देण्याचे काम एकाच जबाबदार विद्यार्थ्याकडे सोपवावे. तिसरी गोष्ट प्रकाशाची. पेटी खिडकीतील उन्हात ठेवू नये, आणि दिवा दिवसातून सुमारे आठ तासच लावावा. नवीन पेटीत प्रवाळ नसतील, तर त्याहूनही कमी प्रकाश पुरतो.

आत येणारे अन्न कमी केले, तरी आत साचलेले बाहेर काढावे लागतेच. शेतकरी निंदणी करतो, तेव्हा उपटलेले तण तो शेताबाहेर नेऊन टाकतो. येथेही हाताने उपटलेले शेवाळ पाण्यात सोडून न देता बारीक नळीने पाण्यासकट ओढून बाहेर काढावे; कारण त्या शेवाळाच्या शरीरात पाण्यातील नत्र व स्फुरद बांधले गेलेले असतात. दर आठवड्यास शेकडा १० इतके पाणी काढून तेवढेच ताजे खारे पाणी घालावे. शंभर लिटरांच्या पेटीस हे दहा लिटर, म्हणजे एक मोठी बादली होते. पाण्यात हवेचे अतिबारीक बुडबुडे सोडून फेसाबरोबर सेंद्रिय मळ वर आणणारे एक यंत्र असते. त्यास प्रोटीन स्किमर म्हणतात. नदीला पूर येतो, तेव्हा काठाशी जो मळकट फेस जमतो, त्याच तत्त्वावर ते चालते.

पाणी तपासण्याची साधने मिळतात, ती वापरावीत. मात्र आकड्यांचा अर्थ विचाराने लावला पाहिजे. कधीकधी पेटी हिरव्या तंतूंनी भरलेली असते, आणि तपासणीत नायट्रेट मात्र शून्य येते. हे पाहून मनुष्य गोंधळतो. परंतु त्याचा उलगडा सोपा आहे. कणगीत धान्य दिसत नाही, याचा अर्थ पीक आलेच नाही असा होत नाही. घरातल्या माणसांनी ते खाऊन संपविलेले असू शकते. तसेच पाण्यात येणारे नायट्रेट शेवाळाने तत्काळ खाल्लेले असते. म्हणून आकडा आणि डोळ्यांना दिसणारी स्थिती या दोन्हींचा मेळ घालूनच निर्णय करावा.

यानंतर वॉरिंग्टनचे मदतनीस बोलवावेत. तळ्यातील गोगलगाय खाऱ्या पाण्यात जगत नाही. समुद्रातील शंखवर्गीय गोगलगायीच येथे हव्यात. त्या रात्रंदिवस काच व दगड चरत राहतात. पण त्यांनाही अमोनिया सोसत नाही. तपासणीत अमोनिया व नायट्राइट शून्यावर आले, आणि चरण्यास शेवाळ उगवले, म्हणजेच त्यांना आणावे. तेही थोड्या संख्येने. शंभर गायींना चार गायींचे कुरण दिले, तर गायी उपाशी मरतील. पेटीत मेलेली गोगलगाय कुजली, म्हणजे ज्या शेवाळासाठी ती आणली, त्याचेच ती खत होते. माशांच्या बाबतीतही असेच धोरण ठेवावे: प्रथम एक, मग काही आठवड्यांनी दुसरा. प्रत्येक नव्या जिवाबरोबर अमोनिया वाढतो, आणि जंतूंच्या वस्तीस तेवढे वाढण्यास अवधी द्यावा लागतो. ज्याने या नियमाकडे डोळेझाक केली, त्याच्या पेटीतील मासे पहिल्या महिन्यातच दगावतात. पेटी मांडणाऱ्याच्या घाईची किंमत पेटीतील मुक्या प्राण्यांना द्यावी लागते, हे विसरता कामा नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. आपल्या समुद्रातील प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून स्थान मिळाले आहे. वाघास जे संरक्षण आहे, तेच त्यांना आहे. त्यामुळे कोकणच्या सहलीस गेलेल्या कोणीही प्रवाळाचा तुकडा तोडून आणू नये. तो गुन्हा आहे. शाळेच्या पेटीत सच्छिद्र कृत्रिम दगड आणि बंदिस्त जागेत पैदास केलेले मासे एवढेच असले, तरी शिकण्यासारखे त्यात पुष्कळ आहे.

काचपेटीत जे लहान प्रमाणावर दिसते, ते अथांग समुद्रातही घडू शकते. कॅरिबियन समुद्रातील जमैका बेटाभोवती प्रवाळांच्या विस्तीर्ण भिंती आहेत. तेथे शेवाळ खाणारे मासे माणसांनी बेसुमार पकडले. तरीही काळ्या लांब काट्यांचा अर्चिन नावाचा प्राणी शेवाळ चरत होता, म्हणून प्रवाळ टिकून होते. १९८० साली एका प्रचंड वादळाने प्रवाळांची मोडतोड केली, आणि १९८३ साली साथीच्या रोगाने अर्चिन पटापट मेले. शंभरांतील नव्वदांहून अधिक नष्ट झाले. चरणारे कोणीच उरले नाही. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ज्या तळाचा सुमारे निम्मा भाग जिवंत प्रवाळांनी व्यापलेला होता, तेथे १९९० नंतरच्या काही वर्षांत शंभरांतील पाच भागही प्रवाळ उरले नाहीत. बाकी सर्वत्र शेवाळ पसरले.

इतके असूनही शेवाळास शत्रू समजणे योग्य होणार नाही. उथळ समुद्रातील बहुतेक प्रवाळांच्या शरीरात अतिसूक्ष्म शैवले राहतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करून त्यातील मोठा वाटा प्रवाळास देतात, आणि त्याच्या टाकाऊ पदार्थांवर आपले पोषण करतात. पाणी अतिउष्ण झाले, की ही सोबत तुटते. प्रवाळ पांढरे पडते आणि तीच स्थिती फार काळ राहिली, तर मरते. म्हणजे एक शैवल प्रवाळास गुदमरवते आणि दुसरे त्यास जगविते. एवढेच नव्हे, तर सागरातील शैवले आणि तत्सम सूक्ष्म जीव प्रचंड प्रमाणावर प्राणवायू निर्माण करतात. पेटीतून शेवाळाचे नाव पुसून टाकण्याचा आग्रह धरणे म्हणूनच व्यर्थ आहे. ते आपल्या मर्यादेत राहावे, एवढेच पाहावयाचे असते.

नेवासे तालुक्यात प्रवरा नदी गोदावरीस मिळते आणि ते पाणी पुढे पैठणच्या नाथसागरात साठते. शेतात गरजेपेक्षा अधिक टाकलेले खत पावसाबरोबर ओढ्यात जाते, गावाचे सांडपाणी त्यास मिळते, आणि असे पाणी ज्या जलाशयात साचते, तेथे शेवाळ व जलपर्णी माजतात. रात्री ती वाढ पाण्यातील प्राणवायू शोषते, मेल्यावर कुजताना आणखी शोषते, आणि मासे तडफडून मरतात. तेथे पाणी बदलण्यास बादली पुरत नाही, आणि सारा जलाशय उपसून पुन्हा भरताही येत नाही. ज्या विद्यार्थ्याने शंभर लिटरांच्या पेटीत चिमूटभर जास्त अन्नाचा परिणाम पाहिला, त्यास पोतेभर जास्त खताचा परिणाम निराळा समजावून सांगावा लागणार नाही. पाण्यात काय जाते, त्यातले किती कोणाच्या उपयोगी पडते आणि किती तसेच साचून राहते, याचा हिशेब ठेवण्याची सवय त्यास लागलेली असेल. शाळेतील पेटीशेजारी एक वही टांगून ठेवावी आणि तीत रोजची तारीख, घातलेले अन्न, घातलेले पाणी व दिसलेला शेवाळाचा रंग यांची नोंद करावी. सहा महिन्यांनी ती वही उघडून पाहिली, म्हणजे पेटीतील समुद्र कसा स्थिरावत गेला, ते पानोपानी वाचता येईल.